नॉर्वेचं रान

कोथिंबिरीचे क्रेट ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातून तसेच परत आले. दुकानदाराने ते व्हॅनमधून उतरवूनसुद्धा घेतले नाहीत. वरची एक जुडी उचलून त्याने शैलेंद्रच्या तोंडासमोर धरली आणि गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं, "भाजी आणलीय की पूजेची फुलं?" रांगेतल्या दोघी हसल्या. शैलेंद्रने जुडी त्याच्या हातातून घेतली, क्रेटमध्ये ठेवली आणि व्हॅनचं दार लावलं. कोथिंबीर खरंच फुलावर आली होती.

वॉटरफोर्डच्या या आयरिश किनाऱ्याला असा उन्हाळा कुणी पाहिला नव्हता. मे कोरडा गेला, जूनही कोरडाच चालला होता. गवत पिवळं पडलं होतं. नळाला पाइप लावायची बंदी आली आणि शैलेंद्रच्या बोअरचं पाणी सकाळी थोडं यायचं, मग नुसती हवा खरखरायची. रानाच्या टोकाला उभं राहिलं की खाली समुद्र दिसायचा. एवढं पाणी समोर, आणि मेथीला घालायला बादलीभर नाही.

शैलेंद्र खोत पूर्वी सँडीफोर्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीने त्याची सगळी टीमच बंद केली, तेव्हा त्याने दुसरी नोकरी शोधली नाही. बायको चित्रा वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आधीच लागली होती. त्याने टॉम फेलन नावाच्या म्हाताऱ्याकडून तुकडाभर जमीन कराराने घेतली, प्लॅस्टिकचे दोन लांब टनेल उभे केले आणि मेथी, कोथिंबीर, मिरची लावली. गावातले लोक त्याला 'शे' म्हणायचे. शैलेंद्र म्हणता येत नाही म्हणून, आणि शे हे त्यांच्यातलंही नाव होतं म्हणून.

त्याचे वडील बाळू खोत फलटणकडच्या गावाहून मे महिन्यात आले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. दोन दिवस ते खिडकीशी बसले, तिसऱ्या दिवशी बूट घालून टनेलमध्ये आले आणि खुरपायला बसले. पण तोंड गोड नव्हतं.

क्रेट परत आलेले पाहून ते म्हणाले, "गावात इचारत्यात मला, त्यो शेजारचा मोरेश्वर तर फोनवर बी इचारतुया, शैलू काय करतुया. मी म्हंतो, कंपनीतच हाय."

"खोटं कशाला सांगता, अण्णा?"

"मग काय सांगू? मी जलमभर ढेकळं फोडली म्हून तुला शिकिवला. आन तू इमानात बसून येऊन हितं ढेकळं फोडतुयास. शेतीच करायची हुती तर आपल्या रानाला काय मुंग्या लागल्या हुत्या?"

शैलेंद्रने फुललेली कोथिंबीर खताच्या ढिगावर रिकामी केली. हाताला तिचा वास लागून राहिला.

एक उपाय मात्र त्याने ठरवला होता. रानाच्या खालच्या अंगाला ओघळीजवळ एक तुकडा होता. तिथली माती काळी होती आणि वरचं सगळं भाजलेलं असताना तिथे अजून ओल धरून होती. अडचण एवढीच, की तुकड्याच्या मधोमध पडक्या घराच्या भिंती होत्या. काटेरी ब्रॅम्बलच्या वेलींनी त्या इतक्या गिळल्या होत्या की घर आहे हे सांगावं लागायचं. खोदाईचा डिगर आणून ते सपाट करायचं आणि तिसरा टनेल तिथे टाकायचा. फेलनने बिनतक्रार परवानगी दिली होती. डिगर शुक्रवारी येणार होता.

त्या तुकड्याला फेलन 'नॉर्वेज', म्हणजे नॉर्वेचं, असं म्हणायचा. 'नॉर्वेजमध्ये गाय शिरलीय', 'नॉर्वेजचं कुंपण बघ'. समुद्रावरचा गार वारा आधी तिथे लागतो म्हणून चेष्टेने म्हणत असतील, असं शैलेंद्रला वाटायचं. इथे प्रत्येक तुकड्याला नाव होतं, आणि ते का, हे कुणी विचारत नव्हतं.

मंगळवारी दुपारी शैलेंद्र ट्रेलरवर टाकी घालून पाणी आणायला गेला होता. फाटकापाशी त्याची मुलगी भार्गवी आणि अण्णा रिकामे क्रेट धूत बसले होते. भार्गवी पंधरा वर्षांची. मराठी सगळी समजायची, पण तोंडातून इंग्रजीच यायची, तीही इथल्या मुलींसारखी. एक छोटी भाड्याची गाडी थांबली. साठी उलटलेली उंच बाई उतरली. केस पांढरे, नाक उन्हाने सोललेलं. नाव लॉरेन, राहणारी अमेरिकेतल्या मिनेसोटाची.

ती म्हणाली, माझ्या पणजीचं घर शोधतेय. पणजीचा बाप नील्स हा नॉर्वेचा जहाजसुतार. लाकूड घेऊन येणारं त्याचं जहाज वादळात या किनाऱ्याला लागलं, तो इथेच राहिला, इथल्याच ब्रिजेट नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. त्यांची मुलं एकामागून एक अमेरिकेला गेली. आईबाप इथेच राहिले. मी आधी नॉर्वेला जाऊन नील्सचं मूळ गाव पाहून आले, तिथे त्याच्या भावाचे वंशज भेटले. पण तो जिथे आयुष्यभर राहिला ती जागाच कुणाला माहीत नाही. घरात एवढंच सांगत आलेत, की दारातून समुद्र दिसायचा. वरच्या चौकातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, असं कुणी इथे कधी ऐकलं नाही.

चौकातला म्हातारा म्हणजे टॉम फेलन. भार्गवीने हातातला ब्रश खाली ठेवला.

"दॅट फील्ड," ती खाली बोट दाखवत म्हणाली, "इट्स कॉल्ड नॉर्वेज."

बाईने फाटकाची दांडी धरली. अण्णांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी एक क्रेट उपडा करून तिच्याकडे सरकवला. ती त्याच्यावर बसली.

संध्याकाळी फेलन आला. शेतातली चारचाकी क्वाडबाइक फाटकातच उभी करून, बंद न करता त्याने शैलेंद्रला हाक मारली. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्यावर टोपी.

"शे, तुझ्या पोरीने त्या अमेरिकन बाईला काय सांगितलं?"

"तुम्ही जे नाव घेता तेच सांगितलं."

"उद्याच डिगर पाठवतो. शुक्रवारपर्यंत थांबू नकोस. ते दगड तिने पुन्हा बघायला नको आहेत मला."

"का पण, टॉम? ती नुसती बघायला आलीय."

"नुसतं बघायला कुणी येत नाही. आज बघेल, उद्या वकील आणेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "करार ऑक्टोबरात संपतोय, शे. तू चांगला माणूस आहेस. मला अवघड करू नकोस."

तो गेला. शैलेंद्र तिथेच उभा राहिला. पायातले बूट पाण्याने जड झाले होते. दुकानात झालं त्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण इथे हसणारंही कुणी नव्हतं.

चित्रा ड्यूटीवरून आली तेव्हा सगळे स्वयंपाकघरातच होते. तिने कपाळावरचा टोपीचा वळ चोळत सगळं ऐकून घेतलं.

"शैलेंद्र, जमीन फेलनची आहे," ती म्हणाली. "आणि तुला ती जागा सपाट हवीच होती ना? टनेल नाही झाला तर या वर्षी काहीच हाती लागणार नाही. हे सगळं तूच मला सांगत होतास."

"होतो."

"मग?"

"यू कान्ट बुलडोझ हर फॅमिलीज हाउस, बाबा!" भार्गवी म्हणाली.

"तू गप्प बस जरा. तुला काय जातंय बोलायला," चित्रा तिच्यावर खेकसली. मग स्वतःच खुर्चीत मागे रेलली. "मला कळतंय गं. पण ऑक्टोबरात त्यांनी काढून टाकलं तर बाबाने कुठे जायचं?"

अण्णा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. आमटी तशीच होती. त्यांनी भार्गवीला विचारलं, "त्या नॉर्वेच्या म्हाताऱ्याची समदीच पोरं गेली व्हय गं अमेरिकेला?"

"ऑल ऑफ देम, आजोबा. सगळी."

"एक बी माघारी आलं न्हाय?"

भार्गवीने मान हलवली. अण्णांनी ताट बाजूला केलं आणि उठून हात धुतले.

सकाळी शैलेंद्र उठला तेव्हा अण्णा घरात नव्हते. ते खालच्या तुकड्यात होते. लांब दांड्याचा कोयता घेऊन त्यांनी ब्रॅम्बलचा वेल खाली ओढायचा, बुडात घाव घालायचा आणि बुटाने मागे ढकलायचा, असं चालवलं होतं. हातावर ओरखडे उठले होते. सदऱ्याची बाही फाटली होती.

"काय करताय अण्णा?"

"बघतुया, दार कुटं हाय ते."

शैलेंद्र गोठ्याच्या छपरातून दुसरा कोयता आणि जाड हातमोजे घेऊन आला. अण्णांना एक जोडी दिली. त्यांनी ती कमरेला खोचली आणि तसेच तोडत राहिले.

डिगर आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. शैलेंद्र फाटकात जाऊन उभा राहिला. चालवणारा ओळखीचाच होता. त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"टॉमने पाठवलंय. भिंती पाडायच्यात ना?"

"नाही पाडायच्या."

"टॉम म्हणाला..."

"टॉमला सांग, ऑक्टोबरपर्यंत ही जागा मी कसतोय. भिंती मी पाडणार नाही. ऑक्टोबरनंतर त्याचं तो बघेल."

डिगरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले. "ग्रँड," म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि गाडी मागे घेतली. शैलेंद्र परत खाली आला तेव्हा अण्णा कोयता टेकून उभे होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

ते दोन-तीन दिवस सगळं घर तिथेच राबलं. सकाळी लवकर मेथीला कळश्यांनी पाणी घालायचं, मग खाली उतरायचं. भार्गवी तोडलेले वेल काट्याने ओढून ढीग करायची. चित्राने सुट्टीच्या दिवशी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, घमेलं घेतलं आणि आतला पडलेला दगडचुरा उपसायला लागली. हॉस्पिटलात जपलेल्या हातांना फोड आले, तशी तिने चिकटपट्ट्या लावल्या आणि पुन्हा घमेलं उचललं. लॉरेन रोज यायची. पहिल्या दिवशी तिला काय करावं कळेना. अण्णांनी तिच्या हातात झाडू दिला. ती निमूट झाडायला लागली.

हळूहळू घर वर आलं. दोन खोल्या. समुद्राकडे तोंड केलेलं दार. पावलांनी मधे खोलगट झालेला उंबरठ्याचा दगड. आतल्या भिंतीत चूल होती, या लोकांची असते तशी, माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी. तिच्यावर दगडाऐवजी एक जाड लाकूड आडवं बसवलेलं होतं. ते सरळ नव्हतं, धनुष्यासारखं वाकलेलं होतं, आणि त्यात ओळीने भोकं होती. एका भोकात गंजलेला खिळा अजून रुतून होता.

"हे घराचं लाकूड नाही," शैलेंद्र म्हणाला. "बोटीचं आहे. बोटीच्या बरगडीचं."

लॉरेनने लाकडावर तळहात ठेवला आणि तशीच राहिली. तिच्या नखांत माती गेली होती. मग तिने भार्गवीकडे वळून विचारलं, "तुझ्या आजोबांना एक विचारशील? त्यांचाही मुलगा दूर आलाय. सगळी मुलं निघून गेली तेव्हा हा माणूस चिडला असेल का? आमच्याकडे कुणी ते बोलतच नाही."

भार्गवीने विचारलं. अडखळत, पण मराठीत विचारलं. अण्णा उंबरठ्यावर टेकले होते. त्यांनी कोयता आडवा ठेवला.

"तिला म्हनावं, चिडला आसंल. पयल्या वर्साला चिडला आसंल. मी बी चिडलो हुतो." त्यांनी शैलेंद्रकडे पाहिलं नाही. "पर मग काय करतुया मानूस? चार लोकांत बसला की पोरांचंच सांगतुया. माझा थोरला हिकडं हाय, माझी लेक तिकडं हाय. ऐकनारं कटाळत्यात, पर ह्यो सांगायचं सोडत न्हाय. सांगायला काय तरी हाय म्हूनच ताठ बसतुया त्यो. रिकाम्या घरात मानूस उगं ताठ बसंल का?"

भार्गवी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती.

"तो तसंच करायचा," भिंतीपलीकडून आवाज आला.

टॉम फेलन उभा होता. किती वेळ, कुणाला माहीत. क्वाडबाइक वरच ठेवून तो पायी उतरला होता आणि त्याने टोपी हातात घेतली होती. तो दारातून आत आला नाही, बाहेरच राहिला.

"माझे आजोबा तेव्हा लहान होते," तो लॉरेनला म्हणाला. "ब्रिजेट गेल्यावर म्हातारा एकटा पडला. त्याच्याने शेत होईना. माझ्या पणजोबांनी ते आपल्या शेतात घेतलं. घर त्याच्याकडे ठेवलं, पण शेत घेतलं. तो जिवंत असताना. लोक बोलायचे. आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढायचं नाही. तुम्ही आलात, मला वाटलं आता ते सगळं निघणार."

लॉरेन चुलीपुढच्या दगडावर बसली.

"आजोबा रोज त्याला दूध घेऊन यायचे. दुधाचा कॅन ठेवला की म्हातारा त्यांना बसवून घ्यायचा आणि पोरांची नावं सांगायचा. कोण कुठल्या गावी आहे ते सांगायचा. आजोबांना ते पाठ झालं. पुढे त्यांनी आम्हाला झोपवताना म्हणून दाखवलं. आम्हाला वाटायचं, ते असंच काहीतरी गाणं आहे."

त्याने डोळे मिटले. म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात, शाळेत कविता म्हणतात तशा चालीवर तो म्हणाला, "एरिक डुलूथला. हॅना विनोनाला. नील्स सेंट पॉलला. पॅट्रिक रेल्वेवर. आणि मार्गारेट, माझी मार्गारेट, फार्गोला."

लॉरेनचा हात तोंडावर गेला. "हॅना माझी पणजी," ती म्हणाली. "विनोना. बरोबर. पण मार्गारेट? आम्हाला चारच माहीत होते. मार्गारेट आमच्यात कुणालाच माहीत नाही."

"पाच होते," फेलन म्हणाला. "आजोबा कधी चुकले नाहीत."

"त्याला पुरलं कुठे?"

"आमच्यातच. आमच्या घरच्या जागेत, चर्चमागे. दुसरं कोण होतं त्याला? दगडावर नाव घातलं नाही. तेही आमच्याच लोकांचं काम." त्याने टोपी पिळल्यासारखी केली. "ते मी घालून घेईन. त्याचं आणि ब्रिजेटचं, दोघांचंही."

मग लॉरेन उठली, उंबरठा ओलांडून बाहेर गेली आणि त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन आली. चुलीपुढे जागा कमी होती. सगळे अंग चोरून उभे राहिले. फेलन वाकलेल्या लाकडाखाली उभा राहून छताच्या जागी दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होता. जन्मभर शेजारी राहून तो या घरात पहिल्यांदाच आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या वाड्यातल्या बोअरवरून काळा पाइप खाली आणून दिला. "माझ्या गायींना एवढं लागत नाही," इतकंच म्हणाला. पाइप जोडताना शैलेंद्रने एक टोक धरलं, अण्णांनी दुसरं. पाणी आलं तेव्हा आधी गढूळ आलं, मग निवळलं. कोथिंबीर गेली ती गेलीच, पण मेथी वाचली आणि मिरची चांगली धरली. तिसरा टनेल त्यांनी पडक्या घराला वळसा घालून तिरपा टाकला. तो थोडा आखूड झाला. फेलनने करार पुढच्या पाच वर्षांचा करायला सांगितला आणि त्यात घराच्या भिंतींना हात लावायचा नाही असं स्वतःहून घातलं.

सप्टेंबरमध्ये लॉरेन परत आली, या वेळी सगळ्या गोतावळ्यासकट. डुलूथचे, सेंट पॉलचे, पोरंबाळं घेऊन. मार्गारेटची एक पणतीही शोधून काढली होती. ती फार्गोतली शाळामास्तरीण होती, सगळ्यांत मागे उभी राहून सगळ्यांत जास्त रडत होती. चर्चमागच्या दगडावर नवी अक्षरं होती. तिथून सगळे चालत रानात आले.

चित्राने मेथीचे पराठे केले होते, भार्गवीने ते बांधावरच्या टेबलावर मांडले होते. तिच्या वर्गातल्या दोन मुलीही आल्या होत्या. शैलेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण बूट मातीचेच होते. अण्णांनी धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घातली होती. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं.

सेंट पॉलहून आलेला एक तरुण टनेल, ओघळ, पडकं घर सगळं बघून फेलनकडे गेला आणि म्हणाला, "सुंदर ठेवलंय तुम्ही तुमचं शेत."

फेलनने घसा साफ केला. आजूबाजूचे सगळे ऐकत होते.

"जमीन माझ्या नावावर आहे," तो म्हणाला आणि शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "शेत याचं आहे. इथला शेतकरी हा."

लोक शैलेंद्रकडे वळले. कुणी हात पुढे केला, कुणी पाठीवर थाप मारली. अण्णांनी भार्गवीची बाही ओढली. "काय म्हनला गं त्यो?"

भार्गवीने एकदा मैत्रिणींकडे पाहिलं. मग मराठीतच सांगितलं, "आजोबा, ते म्हणाले, जमीन त्यांची आहे, पण शेत बाबांचं. इथला शेतकरी म्हणजे माझे बाबा."

अण्णांनी टोपी सरळ केली. खिशातून फोन काढला, गावाकडे मोरेश्वरला लावला आणि फोन भार्गवीच्या तोंडापुढे धरला.

"आता म्हन," ते म्हणाले. "आन जरा मोठ्यानं म्हन. त्येला कमी ऐकू येतंय."